टेल टू हेड : कास्तीया कालव्यावरच्या सायकलवाटेच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार. वायादोलिद

मामांचा व्हॉइस मेसेज साडेचार मिनिटांचा. त्यातली साडेतीन मिनिटं माझ्या तब्येतीची चौकशी आणि सोलापुरातल्या उन्हाची तक्रार. उरलेल्या मिनिटात कामाचं: मे अखेरीस तिघं येतायत. मामा आणि त्यांचे दोन सायकलमित्र, वयं अठ्ठावन्न ते चौसष्ट. एक माळकरी, म्हणजे अंडंसुद्धा नाही. रोज पन्नास किलोमीटर चालेल. माद्रिद, बार्सिलोना बघायचं नाही. "अगं, तुझ्या घराशेजारी तो अडीचशे वर्षांचा कालवा आहे म्हणालीस ना, तो दाखव."

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीची निम्मी वर्षं उजनीच्या डाव्या कालव्यावर गेली. त्यामुळे वाट कुठली हा प्रश्नच उरला नाही. कनाल दे कास्तीया.

थोडक्यात माहिती, पुढे नोंदींत लागेल म्हणून: काम १७५३ साली सुरू झालं, १८४९ ला थांबलं. एकूण लांबी २०७ किमी, नकाशावर उलटा वाय. उत्तर फाटा ७५ किमी, कांपोस फाटा ७८, दक्षिण फाटा ५४. जलपाश, म्हणजे नावा वरखाली करायची पाण्याची कुंडं, ४९. कास्तीयाचा गहू सांतांदेरच्या बंदराकडे न्यायचा, हा मूळ हेतू. खेचरं काठावरून दोर ओढत आणि नावा पाण्यातून सरकत. त्या खेचरांची वाट अजून शाबूत आहे, आणि आपली सायकल तिच्यावरूनच जाणार. कालवा धड पुरा होतोय तोवर १८६० च्या दशकात त्याच वाटेने आगगाडी आली आणि नावांचा धंदा बसला. १९५९ मध्ये वाहतूक अधिकृतपणे बंद. आता पाणी शेतीला आणि पिण्याला जातं. म्हणजे शेवटी झाला तो पाटच.

आज टेबलाशी बसून पहिली रेघ ओढली: कालवा सुरू होतो त्या आलार देल रेयला ट्रेनने जायचं आणि पाण्याबरोबर खाली यायचं. सोपं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर नकाशे. इथल्या भूगोल संस्थेचे १:२५,००० चे नकाशे आणि विमानातून काढलेली छायाचित्रं फुकट उतरवून घेता येतात, हे मला इथे चार वर्षं राहून आज कळलं. ओपनस्ट्रीटमॅपवर कच्च्या रस्त्यांना एक ते पाच प्रत दिलेली असते. एक म्हणजे टणक, पाच म्हणजे नशीब. छायाचित्राशी ताडून पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी 'दोन' लिहिलेली वाट मला तीनची दिसतेय. प्रत्यक्ष जाऊनच बघावं लागणार.

त्येर्रा दे कांपोस, म्हणजे शब्दशः शिवारांचा मुलूख, वरून पाहिला की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते: वाटा फुटपट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. जुन्या वाटा अशा नसतात. गेल्या शतकात, विशेषतः १९५२ च्या कायद्यानंतर, इथे तुकड्यातुकड्यांची जमीन एकत्र करून पुन्हा वाटली गेली आणि प्रत्येक नव्या पट्ट्याला सरकारी वाट दिली. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, इथल्यापेक्षा जुना. तरी आमच्या गावच्या पाणंदीचा वाद आजोबांच्या वेळचा तो अजून तहसीलदाराकडे चालू आहे. इथे गावातून निघालेली पाणंद ट्रॅक्टरला रुंद, कुणाच्या बापाची नाही, आणि थेट पुढच्या गावच्या चर्चच्या मनोऱ्याकडे जाते. सायकलवाल्याला याहून काय हवं?

एकच गोष्ट हवी. सावली. जमीन एकत्र करताना बांध गेले, बांधाबरोबर झाडं गेली. अख्ख्या छायाचित्रात हिरवी रेघ एकच, कालव्याच्या काठची. त्यामुळे नियम ठरवला: कालवा सोडून जायचं ते काही खास बघायचं असेल तरच, आणि तेही सकाळी.

१६ मार्च, रविवार. मेदिना दे रियोसेको ते जेमतेम अबार्का

मार्चभर इथे वादळांची रांग लागली आहे. काल उघडलं म्हणून आज निघाले. चूक.

रियोसेकोच्या गोदीपासून पहिले दहा किमी काठाची वाट उत्तम, बारीक खडी. मग नियम मोडून एका पाणंदीने आडवी गेले, कारण नकाशावर चार किमी वाचत होते. ती चिकणमाती. सोलापूरकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ज्याने सायकल घातली असेल त्याला पुढचं सांगायला नको. पन्नास पावलांत टायर दुप्पट जाड, शंभर पावलांत मडगार्डमध्ये लगदा घट्ट बसून चाक जाम. मी ढकलतेय, चाक फिरत नाही, नुसतं घसरतंय. चिडून एकदा पेडल मारलं तर मागून कट्ट असा आवाज. आरडी, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग, चाकात ओढला गेला आणि त्याचा हँगर तुटला.

हँगर म्हणजे बोटभर ॲल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दामच कमकुवत करतात, म्हणजे फ्रेम वाचते. सुटा हँगर पंधरा-वीस युरोला मिळतो, वजन काहीच नाही, आणि तो माझ्या घरी खणात होता.

साखळी तोडून आखूड केली, एकाच गिअरवर बसवली आणि चिखल काटकीने उकरत अबार्काला पोचले. तिथे एक ट्रॅक्टरवाले आजोबा होते. त्यांनी सायकल पाहिली, मला पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता प्रेशरच्या पाइपने दोघींना धुतलं. मग म्हणाले, या मातीत पाऊस पडल्यावर तीन दिवस आम्हीसुद्धा जात नाही.

वाटेच्या फाइलमध्ये दुरुस्ती: चिकणमातीच्या सगळ्या पाणंदी लाल केल्या. टीप: 'पावसानंतर ३ दिवस नाही.' प्रत्येक सायकलच्या मापाचा एक सुटा हँगर माझ्याकडे. मडगार्ड काढून ठेवायचे.

६ एप्रिल, रविवार. बेथेरिल, फुएन्तेस दे नावा, परत

आज मन भरून राहिलं आहे, म्हणून आधी रुक्ष नोंदी उरकते.

पाणी: प्रत्येक गावात चौकात नळ किंवा कारंजं आहे. 'नो पोताब्ले' म्हणजे पिऊ नका. 'सिन त्रातार' म्हणजे क्लोरीन टाकलेलं नाही. गावकरी पितात, मी प्यायले, मामांना पाजणार नाही. दोन गावांत हिवाळ्यात बंद केलेला नळ अजून उघडलेला नव्हता. एका नळावर भरवसा ठेवायचा नाही, माणशी दोन बाटल्या.

जेवण: दुकानं दोनला बंद, पाचला उघडतात. रविवारी उघडतच नाहीत. लहान गावांत दुकानच नाही, पावाची गाडी हॉर्न वाजवत येते आणि तिची वेळ गावातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. माळकरी काकांची गोष्ट अवघड आहे. इथला मसूर सुरेख, बारीक, तपकिरी, पण त्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. लसणाच्या सूपमध्ये हॅम. पालेंथियाच्या मिश्र भाजीतही हॅम. आज एका ठिकाणी 'मांस नको' म्हटल्यावर बाईंनी अत्यंत प्रेमाने ट्यूना घालून सॅलड दिलं. मासा म्हणजे मांस नव्हे, ही इथली समजूत आमच्या मालवणच्या काकूंना पटेल, काकांना नाही. मामांना कळवलं: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरपूर आणा. पाव, टोमॅटो, ऑलिव्हचं तेल इथलं.

पंक्चर: एक. टायर उपसून पाहिला तर आत सराटा. नीट निरखून पाहिला, तोच, दोन शिंगांचा. इथे त्याला 'आब्रोखो' म्हणतात, वनस्पती एकच. जवळपास आठ हजार किलोमीटर लांब येऊनही सराट्यानेच घात केला. भाड्याच्या सायकली ट्यूबलेस असतील हे पाहायचं.

आता ते.

फुएन्तेस दे नावाच्या अलीकडे, सकाळी आठच्या सुमाराला, कोवळ्या गव्हात पांढरं काहीतरी. आधी वाटलं खताची फाटकी पिशवी. मग पिशवी वळली. थांबले, सायकल आडवी टाकली, दुर्बीण काढली. आवुतार्दा, नर. माळढोकाचा युरोपातला भाऊबंद. त्याने शेपूट पाठीवर उलटं टाकलं होतं, पंख आतून बाहेर पालटले होते, मान फुगवून डोकं त्यात बुडवलं होतं. एवढा मोठा तपकिरी पक्षी आणि सगळा पांढरा फेस झाला होता. मग अंग झटकून दोन पावलं चालला आणि पुन्हा साधा, मातकट. शंभर मीटरवर दोन माद्या चरत होत्या, त्यांचं लक्षही नव्हतं.

लहानपणी मामांनी आम्हाला सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात नेलं होतं. पहाटे चारला उठवून, दोन वेळा. दोन्ही वेळा दिसला तो काळवीट. तिसऱ्या वेळी लांबवर मान दिसली. मामा म्हणाले मान, मला वाटतं खुंट होता. आवुतार्दाच्या जातीचे जगातले निम्म्याहून जास्त पक्षी स्पेनमध्ये आहेत. नान्नजला माळढोक आता दिसला तर बातमी होते. इथे कोरडवाहू गहू, मध्ये पडीक रान, त्यात मेंढ्या, म्हणजे सोलापूरकडे ज्वारी आणि माळ होता तेच. कालव्याचं पाणी पोचलं तिथे मका आणि लसूणघास आला, आणि तिथे आवुतार्दा दिसत नाही. मामांना हे फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हं. उजनीचं पाणी आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते."

फाइलमध्ये: कालवा सोडायचा तो इथे, सकाळी साडेसात ते नऊ. वाटेवरच थांबायचं, शेतात पाय टाकायचा नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

रियोसेकोच्या मिरवणुका बघायला गेले होते. माणसांच्या खांद्यावर टनभर वजनाचे लाकडी देखावे चर्चच्या दारातून इंचाइंचाने बाहेर काढतात. गाव गर्दीने फुटलेलं. मे महिन्याच्या खोल्या तिथल्या तिथे तोंडी ठरवल्या, खालच्या मजल्यावर सायकली ठेवू देतील. बाकी काम नाही.

२९ एप्रिल, मंगळवार. (कालची नोंद आज.)

काल रजा टाकून फ्रोमिस्ता ते आलार हा उत्तरेचा टप्पा तपासायला निघाले होते.

फ्रोमिस्ताला चार जलपाश एकाखाली एक आहेत, चौदा मीटरचा उतार. कुंडं आयताकृती नाहीत, अंडाकृती आहेत, बाजूंच्या भिंती पोटासारख्या फुगलेल्या, दगडाचा सांधा सांध्याला लागलेला. पहिल्या काळातले जलपाश असेच बांधले, एका वेळी दोन नावा मावत. नंतरच्या फाट्यांवर काटकसर आली आणि ते सरळ झाले. आता दारं नाहीत, पाणी नुसतं कोसळतं. मामांसाठी सोळा फोटो काढले. वरच्या अंगाला बोआदियापर्यंत सांतियागोचे यात्रेकरू समोरून येतात. खांद्याला शिंपले, पायाला फोड, आणि आपण वारकऱ्यांना म्हणतो तसं इथे सगळे एकमेकांना 'बुएन कामिनो' म्हणतात. तेवढ्या पट्ट्यात घंटी वाजवत हळू जायचं.

दुपारी एका गावातल्या बारमध्ये शिरले तर कॉफीचं यंत्र मेलेलं. १२:३३ ला वीज गेली होती. गावाचा फ्यूज असेल असं सगळे म्हणत होते. मग कुणीतरी गाडीतला रेडिओ लावला: पूर्ण स्पेन, पूर्ण पोर्तुगाल. थोड्या वेळाने माझ्या मोबाइलची रेंजही गेली. कार्ड चालेना. पाकिटात दहा युरोची एक नोट. बारवाल्याने वहीत माझं नुसतं 'ला इंदिया' असं लिहिलं आणि हॅमशिवायचं सँडविच हातावर ठेवलं.

जीपीएस मात्र चालू होता, कारण त्याला उपग्रह लागतात, मोबाइलचा मनोरा नाही, आणि नकाशे मी आधीच उतरवून घेतले होते. एरेरा दे पिसुएर्गापर्यंत पोचले. पुढे आलारला जाऊन परतीची ट्रेन पकडायचा बेत होता, पण देशातल्या गाड्याच उभ्या होत्या. एका घरगुती लॉजच्या बाईंनी खोली दिली, पैसे नंतर पाठव म्हणाल्या. मेणबत्तीवर मसूर गरम केला. चौकात सगळं गाव खुर्च्या टाकून बसलं होतं. रात्री कधीतरी फ्रिज गुरगुरला तेव्हा कळलं वीज आली.

आज सकाळी पैसे दिले आणि बारवाल्याच्या वहीतली उधारी फेडायला अकरा किमी उलटी गेले. त्याने खोडताना 'ला इंदिया' वर दोन रेघा मारल्या, जणू देशाचाच हिशेब चुकता झाला.

फाइलमध्ये: माणशी शंभर युरो रोख, वीस-वीसच्या नोटा. रोजच्या वाटेचा एक कागदी पान, मराठीत, गावांची नावं उच्चाराप्रमाणे.

११ मे, रविवार

दिशेचा निकाल लावायचा दिवस.

आतापर्यंत कांपोस फाट्यावर तीन वेळा गेले. तिन्ही वेळा रियोसेकोकडे जाताना वारा तोंडावर. इथे चढ नाहीतच, सगळ्या कालव्यात मिळून उतार दीडशे मीटर. इथला घाट म्हणजे वारा. आडोसा नाही, वळण नाही, सत्तर किलोमीटर तोच. परवा ताशी बारानेही जमेना, परतताना पेडल न मारता सोळा.

मामांना फोन केला. उलटं जायचं: वायादोलिदहून तोरोथोसच्या पठारावरून रियोसेको, तिथून कालव्याने बेथेरिल, फ्रोमिस्ता, एरेरा, शेवटी आलार. तिथून ट्रेनने घरी.

"म्हणजे कालवा शेपटाकडून बघायचा?"

"हो मामा. वारा पाठीवर."

"अगं, कुणी पाहुण्याला घर परसदारानं दाखवतं का? आधी हेड बघायचं, नदी कुठं अडवली, किती घेतलं, मग खाली यायचं. शास्त्र आहे ते."

मी गप्प. ते गप्प. मग मला सुचलं. "मामा, तुम्हीच सांगायचात ना, पाण्याचं आवर्तन हेडपासून सोडलं की टेलच्या, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याला थेंब मिळत नाही? म्हणून पाणी द्यायचं ते टेल टू हेड?"

पलीकडून हसण्याचा आवाज. "माझंच परिपत्रक मला दाखवतेस होय." मग मामींना ओरडून सांगितलं, "अगं, ही टेल टू हेड नेतेय आपल्याला!" निकाल लागला.

दुसरी दुरुस्ती: चोवीसऐवजी पंचवीसला निघायचं. आधीच्या बेतात वियाउंब्रालेसचं कालवा संग्रहालय सोमवारी येत होतं आणि सोमवारी संग्रहालयं बंद असतात. ते हुकलं असतं तर मामांनी मला जन्मभर ऐकवलं असतं.

अंतिम टप्पे: २५ मे वायादोलिद–वाम्बा–पेन्याफ्लोर–कास्त्रोमोन्ते–रियोसेको, पंचावन्नच्या आसपास. २६ बेथेरिल. २७ वियाउंब्रालेस करून फ्रोमिस्ता. २८ एरेरा. २९ आलार, जेमतेम तासाभराचं.

२३ मे, शुक्रवार

तिघं आले. बॅगांत कडक भाकरी चार डझन, चटणी दोन किलो. सायकली बसवून पाहिल्या, सीट वरखाली केल्या. हेल्मेट गावाबाहेर सक्तीचं आहे सांगितल्यावर एका काकांनी तोंड वाकडं केलं. गाडीवाले ओलांडताना दीड मीटर सोडतात, तसा कायदा आहे, यावर तिघांचाही विश्वास बसला नाही. उद्या रस्त्यावर नेऊन दाखवते.

३० मे, शुक्रवार. फेरीनंतरच्या दुरुस्त्या

वाम्बाच्या चर्चमध्ये कवट्यांची भिंत आहे, हे मी आधी सांगायला हवं होतं. माळकरी काका बाहेर येऊन दहा मिनिटं नामस्मरण करत बसले. मग म्हणाले, चांगलं केलंस दाखवलंस. फाइलमध्ये: 'आधी सांगणे.'

वारा पहिले दोन दिवस पाठीवर. बुधवारी पूर्ण पडला आणि ऊन चढलं. मी सावलीसाठी थांबा म्हणत होते आणि हे तिघं, "यात काय ऊन आहे", म्हणून पुढे. दुपारचे सगळे थांबे मी माझ्या हिशेबाने जास्त धरले होते.

आवुतार्दा: लांबवर चार, उडताना. नाच नाही, त्याचा हंगाम सरत आलाय. मामांनी दुर्बीण बराच वेळ सोडली नाही. मी विचारलं, नान्नजला दिसली ती मानच होती का? "खुंट होता," म्हणाले. "पण तुम्ही पोरं पहाटेची उठली होतात."

पंक्चर तीन, तिन्ही सराटे. हँगर लागला नाही. बेथेरिलपुढची एक पाणंद नांगरात गेलीय, रेघ कालव्याकडे वळवली.

फ्रोमिस्ताच्या कुंडांपाशी अर्धा तास धरला होता, दोन तास लागले. मामा काठावर पालथे पडून दगडाच्या सांध्यात किल्ली सरकते का बघत होते. सरकली नाही.

काल आलारला सव्वादहाला पोचलो. ट्रेनला वेळ होता. नदीतून पाणी कालव्यात शिरतं तिथे मामा कठड्याला टेकून उभे राहिले. कुठल्या गेटमधून किती जात असेल याचा हिशेब बोटांवर, मग माझ्या पेनाने तळहातावर. मी दोनदा हाक मारली. ट्रेन गेली. पुढची कित्येक तासांनी होती, तोवर चटणीभाकरी संपली.

शेवटची दुरुस्ती: आलार, हेड. थांबा १० मिनिटं लिहिलं होतं, ते खोडून २ तास केलं.